सबनीसचे खारे दाणे

गिरगावातल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत सबनीस मंडळी एकोणचाळीस वर्षं राहिली आणि एका एप्रिलमध्ये बोरिवलीला निघून गेली. जाताना दारापुढचं काथ्याचं पायपुसणं तेवढं विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे रमाकांत कर्णिक दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, तर त्या पायपुसण्यावर एक तांबडं कुत्रं अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर भाव असा, की या जागेची भाडेपावती आपल्याच नावावर आहे. हाकललं की ते एक जिना खाली जाई आणि दार लागलं की परत येऊन तिथंच बसे. चार दिवसांत मजल्यावरचे लोक येता-जाता विचारू लागले, "काय, सबनीस आहेत का जागेवर?" आठवड्याभरात त्याचं नावच सबनीस पडलं.

नाव सगळ्या मजल्यानं ठेवलं, पण कुत्रं पदरात पडलं ते कर्णिकांच्या. रमाकांत विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर, बीपीची गोळी चालू. मुलगा बंगळुरूला. घरात ते आणि लतिकाबाई. बाईंनी पहिल्यांदा सबनीसला शिळी पोळी घातली, दुसऱ्यांदा ताजी घातली आणि तिसऱ्यांदा त्याच्यासाठी वेगळी कणीक भिजवली. रमाकांत म्हणाले होते, "अगं, नसतं लोढणं गळ्यात घेऊ नकोस." आणि पावसाळा संपायच्या आत हेच गृहस्थ त्याच्या पाठीला खोबरेल तेल चोळत गॅलरीत बसलेले सगळ्या चाळीनं पाहिले.

रमाकांतांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं आणि मिठाबद्दल तर फारच ठाम होतं. मीठ म्हणजे ताकद. अळणी खाणारा माणूस अळणीच बोलतो, असं ते म्हणत. डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं होतं. ते त्यांनी एका कानानं ऐकलं होतं. रोज संध्याकाळी साडेपाचला लतिकाबाई देवळात जात. त्यांची पावलं जिन्यावरून उतरली की रमाकांत खिशातून खाऱ्या दाण्यांची पुडी काढत. एक दाणा स्वतःला, एक सबनीसला. पुडी संपेपर्यंत दोघांत अवाक्षर निघत नसे. दिवसभरातला तो वीस मिनिटांचा वेळ रमाकांतांना सगळ्यात प्यारा होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण तसा तो होता.

मग लसीकरणासाठी ठाकूरद्वारच्या डॉक्टर मानसीकडे सबनीसला नेलं. जनावरांची डॉक्टर, वय असेल पस्तिशीचं, बोलणं नीट आणि मुद्द्याचं. तिनं विचारलं, "काका, काय काय खातो हा?"

"आम्ही खातो ते सगळं," रमाकांत अभिमानानं म्हणाले. "खारे दाणे तर त्याच्या जिवाभावाचे."

"ते बंद करा. खारे दाणे, वेफर्स, फरसाण, पापड, लोणचं, सुकी मासळी, यातलं काही नको. चुकून एखादा दाणा गेला तर काही होत नाही, जास्तीचं पाणी पिऊन तो निस्तरतो. पण रोजची सवय नको. आणि एकदम खूप गेलं ना, तर मीठ मेंदूवर जातं. फिट येते. जीवही जातो."

"आमच्या लहानपणी गल्लीतली कुत्री काय वाट्टेल ते खायची," रमाकांत म्हणाले. "एक मेलं नाही."

"तुम्ही मोजत होता का?" डॉक्टर मानसीनं हसून विचारलं. लतिकाबाईही हसल्या, आणि ते हसणं रमाकांतांना जरा लागलं.

त्या दिवशी घरी येऊन लतिकाबाईंनी फर्मान काढलं. रमाकांतांनी ते मान्यही केलं. गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून सबनीसचे दाणे बंद. शब्द दिला तुला." शब्द पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी साडेपाचला सबनीस समोर येऊन बसला. काही मागितलं नाही, भुंकला नाही, नुसता बघत राहिला, एक कान उभा आणि एक पडलेला. रमाकांतांचा धीर सुटला.

पण हेडक्लार्कच तो. पळवाट काढल्याशिवाय नियम मोडणार नाही. ते दाणे तळहातावर घेत, दुसऱ्या हातानं चांगले चोळत, फुंकर मारत आणि म्हणत, "बघ, मीठ काढून देतोय हं." मग दाणे खाऊन झाल्यावर सबनीस त्यांचा मिठानं भरलेला तळहात चाटून लख्ख करी, आणि त्या ओल्या खरखरीत जिभेनं रमाकांतांना गुदगुल्या होऊन हसू येई. काढलेलं मीठ शेवटी जाई तिथंच जाई. एवढा साधा हिशेब त्यांना कळत नव्हता असं नाही, त्यांना तो करायचा नव्हता.

डिसेंबरातल्या एका दुपारी लतिकाबाई दादरला बहिणीकडे, सुभद्राताईंकडे, गेल्या होत्या. तीनच्या सुमारास रामू तांडेल आला. रामू त्यांच्या ऑफिसात शिपाई होता. राहायला कफ परेडच्या मच्छीमार नगरात. निवृत्त होऊन दोघांनाही तेरा-चौदा वर्षं झाली, तरी वर्षातून एकदा रामू घरची खारवलेली मासळी घेऊन यायचाच. या वेळी सहा खारे बांगडे होते, वर्तमानपत्रात बांधलेले, मिठाचे खडे अजून अंगावर चिकटलेले. चहा झाला, गप्पा झाल्या. रमाकांत त्याला सोडायला खाली फाटकापर्यंत गेले आणि तिथं आणखी अर्धा तास बोलत उभे राहिले. पुडकं टीपॉयवरच राहिलं.

वर आले तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्राच्या चिंध्या होत्या, एक बांगडा उरला होता आणि सबनीस मिशा चाटत होता.

रमाकांतांनी उरलेला बांगडा झटकन उचलून घेतला. डॉक्टर मानसीचे शब्द एकामागून एक आठवले. मेंदू. फिट. जीव. लतिकेला फोन करावा, तर ती विचारणार, पुडकं टीपॉयवर का ठेवलंत. डॉक्टरला फोन करावा, तर तिच्यासमोर आपण काय बोलून आलो होतो ते आठवे. जे पोटात गेलंय ते बाहेर काढलं की झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि बाहेर कसं काढायचं, हे त्यांना सात वर्षांचे असल्यापासून ठाऊक होतं. खोताच्या वाडीमागच्या मैदानात त्यांनी धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या, तेव्हा आईनं कोमट पाण्यात मूठभर मीठ कालवून पेलाभर पाजलं होतं, आणि भडाभडा ओकून ते वाचले होते. घरात कुणीही भलतंसलतं गिळलं की मिठाचं पाणी, हा त्यांच्या घरचा कायदा होता.

पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे मीठ त्यांनी पेल्यात घातलं, ढवळलं आणि सबनीसला बोलावलं. तो शेपटी हलवत आला. या हातातून आजवर वाईट काही आलेलं नव्हतं. रमाकांतांनी त्याचा जबडा धरला, मान वर केली आणि ओतलं.

सबनीस पहिल्या घोटाला गोंधळला, दुसऱ्याला धडपडला आणि तिसऱ्याला त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ती नजर रमाकांत पुढं विसरू शकले नाहीत. पण तेव्हा ते म्हणत राहिले, "बस, बस, तुझ्याच भल्यासाठी आहे रे." थोडी ओकारी झाली. फेस आणि बांगड्याचं एक डोकं. बाकीचं आतच राहिलं म्हणून पंधरा मिनिटांनी त्यांनी आणखी एक चमचा कालवून अर्धा पेला पाजला. या वेळी जबडा जोरात धरावा लागला.

मग सबनीसनं आपलं पाण्याचं भांडं संपवलं. रमाकांतांनी भरलं, तेही संपवलं, आणि बादलीत तोंड घातलं. तिथून परत येताना त्याचे मागचे पाय लटपटले. तो भिंतीला टेकला. अंगावर काटा आल्यासारखी कातडी थरथरू लागली. लतिकाबाई दारात आल्या तेव्हा नवरा जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर सबनीसचं डोकं होतं.

"बांगडे खाल्ले," रमाकांत म्हणाले. "पाच."

लतिकाबाईंनी हातातली पिशवी तिथंच ठेवली. "टॅक्सी बघा," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर मानसीनं त्याला टेबलावर घेतलं, रक्त काढलं, मशिनीत घातलं आणि आकडा बघून कपाळाला आठी घातली. "काकू, सोडियम एकशे बहात्तर आहे. हे खूप आहे. बांगडे किती होते?"

"पाच. त्यातलं थोडं ओकला," रमाकांत म्हणाले.

"तरी जास्तच वाटतंय. रोज काही खारं खातो का?"

"छे. गणपतीपासून बंद आहे सगळं," लतिकाबाई म्हणाल्या. "यांनी शब्द दिलाय."

रमाकांत भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर वाचत होते. तीन वेळा वाचून झालं होतं.

"मी का विचारतेय ते सांगते," डॉक्टर मानसी म्हणाली. हातानं ती सबनीसच्या पुढच्या पायावरचे केस कापत होती. "रक्तातलं मीठ बरेच दिवस हळूहळू चढलेलं असलं, तर मेंदूला त्याची सवय झालेली असते. ते घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येते आणि कुत्रं त्यानंच जातं. पण सगळं आजच्या आज चढलं असेल, तर उलट लवकर उतरवावं लागतं, वेळ घालवला तर तसंही जातं. सलाईन हळू लावू की भराभर, हे मला आत्ता ठरवायचंय. म्हणून जे असेल ते खरं सांगा."

टेबलावर सबनीसचा एक पंजा आपोआप आखडला आणि सैल पडला. रमाकांतांनी आयुष्यात असंख्य फायलींवर शेरे लिहिले होते, पण एक वाक्य तोंडातून काढणं इतकं जड त्यांना कधी गेलं नव्हतं.

"रोज दाणे देत होतो," ते म्हणाले. "दहा-बारा. गणपतीतसुद्धा. आणि आज मिठाचं पाणी पाजलं. ओकून पडेल म्हणून. सव्वाचारला एक पेला, दोन चमचे मीठ. साडेचारला अर्धा पेला, एक चमचा."

"चहाचे चमचे?"

"पोह्यांचे."

डॉक्टर मानसीनं क्षणभर डोळे मिटले. मग घड्याळ पाहिलं. "सव्वापाच वाजलेत. म्हणजे एका तासातलं आहे. रोजचे दाणे तो पाणी पिऊन निस्तरत होता, हे त्याचं नाही. हे आजचंच आहे." तिनं सुई टोचली, नळी जोडली आणि बारीक चाक फिरवून थेंब भराभर सोडले. "बरं झालं बोललात. वेळेसकट बोललात ते तर फारच बरं झालं. आणि काका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नसते. कुत्र्याची तर नाहीच, माणसाचीसुद्धा नाही. मिठानं मीठ कसं निघेल?"

लतिकाबाईंनी सबनीसच्या कानावरून हात फिरवला आणि तो हात तिथंच ठेवला.

सबनीसला दोन दिवस तिथंच ठेवायचं ठरलं. परतताना टॅक्सीत दोघं खिडक्यांना टेकून बसले. चर्नी रोडचा सिग्नल लागला तेव्हा रमाकांत म्हणाले, "बोल ना. काहीतरी बोल. घालूनपाडून बोल."

"दाण्यांचं मला ठाऊक होतं," लतिकाबाई म्हणाल्या. "तुमचे शर्ट कोण धुतं? डाव्या खिशाला रोज मीठ असायचं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"देवळातून परत यायचे तेव्हा तुम्ही दोघं गॅलरीत बसलेले असायचात. ऑफिस सुटल्यापासून तुमचा चेहरा तसा मी पाहिला नव्हता. बोलवेना मला. म्हणजे मीही त्याला दिलेच की दाणे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पाण्याचं मात्र तुमचं एकट्याचं."

सबनीस वाचला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी तिन्ही जिने चढला, मजल्यावरच्या चार दारांत डोकावला आणि लतिकाबाईंच्या हातचा दहीभात, अर्थात अळणी, चाटूनपुसून खाल्ला. रमाकांत समोर बसून बघत होते. त्यांनी भाताचं एक शीत बोटावर घेऊन पुढं केलं. सबनीसनं त्या हाताकडे पाहिलं. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. फक्त उठला, बाहेर गेला आणि शेजारच्या बंद दारापुढच्या त्या जुन्या पायपुसण्यावर जाऊन बसला.

असं रोज होऊ लागलं. रमाकांत खोलीत असले तरी तो असे, त्यांच्या पायांशी झोपेसुद्धा. पण त्यांचा हात पुढं आला की तो उठून जाई, इतक्या सभ्यपणे, की त्याच्यावर रागावणंही शक्य नव्हतं. त्यांनी पोळी देऊन पाहिली, उकडलेलं अंडं देऊन पाहिलं, हात पाठीमागे ठेवून फरशीवर ठेवून पाहिलं. फरशीवरचं तो खाई. हातातलं नाही. साडेपाच वाजत, लतिकाबाई देवळात जात, रमाकांत गॅलरीतल्या खुर्चीत बसत आणि सबनीस पायपुसण्यावर. मध्ये सहा फुटांची गॅलरी.

"विसरेल तो," लतिकाबाई म्हणत.

"मी नाही विसरत, तो कसा विसरेल?"

रमाकांत लहान असताना त्यांना टायफॉइड झाला होता आणि आईनं मुलगा उठेपर्यंत मीठ सोडलं होतं. अख्खा चातुर्मास ती अळणी जेवली. पुढं मोठं झाल्यावर रमाकांतांनी या प्रकाराची यथेच्छ चेष्टा केली होती. तिच्या मिठाचा आणि माझ्या तापाचा संबंध काय, असं ते चारचौघांत विचारत. आता एका सकाळी तोंड धुताना त्यांनी आरशात बघून मनाशी ठरवलं, की सबनीस हातातलं खाईपर्यंत आपल्यालाही मीठ वर्ज्य. संबंध काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"आजपासून मला अळणी वाढ," त्यांनी सांगितलं. "बीपीसाठी."

लतिकाबाईंना आश्चर्य वाटलं, बरंही वाटलं. आमटीत मीठ घालण्याआधी एक डाव त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या. पण या माणसानं पापड सोडला, लोणचं सोडलं, पाव सोडला, खारी बिस्किटं सोडली. जेवताना तोंड कडू करून गिळी, वरून तांब्याभर पाणी पिई, आणि तक्रारीचा एक शब्द काढत नसे. बेचाळीस वर्षांच्या संसारात तक्रारीशिवाय जेवण झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या आनंदात जास्त दिवस राहू शकल्या नाहीत. विचारलं की उत्तर एकच, बीपी.

तीन आठवडे झाले. एका सकाळी लतिकाबाई आतून चहा घेऊन आल्या तर रमाकांत गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते आणि पायपुसण्यावरच्या सबनीसशी अगदी अदबीनं बोलत होते. "बोरिवलीला पाण्याची काय व्यवस्था आहे, सबनीस? वहिनींचं गुडघ्याचं दुखणं काय म्हणतंय?"

आधी त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. मग रमाकांतांनी वळून पाहिलं आणि चहाच्या कपाकडे बघत विचारलं, "हे आईनं पाठवलंय का?" लतिकाबाईंनी कप कठड्यावर ठेवला, नवऱ्याला धरून आत आणलं, कॉटवर निजवलं आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर अवधूतला बोलावलं. त्यानं प्रेशर पाहिलं, रक्त लॅबला पाठवलं आणि अकराच्या आत रिपोर्टचा आकडा फोनवर घेतला.

"काकू, सोडियम कमी झालंय. एकशे अठ्ठावीस. यांच्या बीपीच्या गोळीनं लघवीवाटे मीठ जातं, आणि हे खात नव्हते काय?"

"तीन आठवडे कणभर नाही."

"मी कमी करा म्हटलं होतं, बंद करा नाही. ती गोळी आजपासून बंद, मी दुसरी देतो. लिंबाच्या पाण्यात मीठसाखर घालून आत्ता पेलाभर द्या, जेवण नेहमीच्या मिठाचं. पाणी मात्र मोजकंच. संध्याकाळी परत रक्त बघू. तोवर बरं वाटलं नाही तर ॲडमिट करू." जाता जाता तो दारात थांबला. "मीठ कशासाठी सोडलं होतं त्यांनी? इतके ऐकणारे नाहीत ते."

लतिकाबाईंनी पेला तयार केला. मीठ चहाच्या चमच्यानं घातलं, तेही सपाट. कॉटवर बसून पेला नवऱ्याच्या ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"नको. सोडलंय मी."

"कशासाठी ते सांगा. बीपी म्हणू नका."

रमाकांत छताकडे बघत राहिले. डोकं अजून जड होतं, आणि जड डोक्यात खोटं रचायला जागा नव्हती. "सबनीस माझ्या हातचं खात नाही," ते म्हणाले. "तो खाईपर्यंत नाही."

लतिकाबाईंनी पेला डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं नवऱ्याची हनुवटी पकडली, मान वर केली आणि ओतलं.

रमाकांत खोकले, धडपडले, हात झाडला. अर्धं पाणी आत गेलं, अर्धं गळ्यावर, शर्टावर, हाताच्या पंजावर. खोकला थांबल्यावर ते बायकोकडे बघत राहिले. हनुवटीवर तिच्या बोटांची पकड अजून जाणवत होती.

"असंच धरलं होतं मी त्याला," ते हळूच म्हणाले. "असंच वाटलं असेल ना त्याला? मला क्षणभर वाटलं, ही आता मारते मला."

"मी मारत होते का?"

"नाही."

"मग तुम्हीही नव्हता मारत. पण मी डॉक्टरला विचारून पाजलंय, तुम्ही अक्कल चालवलीत. फरक आहे तो तेवढाच." त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीचाच होता. "आता काय, माझ्या हातचं खाणार नाही तुम्ही?"

रमाकांतांनी मान हलवली आणि तिच्या हातातला पेला स्वतःच ओढून घेतला. उरलेलं पाणी एका दमात प्यायले. खारट होतं, गोड होतं, आणि तीन आठवड्यांनी जिभेला चव लागल्यावर त्यांना रडूच आलं.

खोकल्याच्या आवाजानं सबनीस आत आला होता. उंबऱ्यात उभा राहून त्यानं सगळं पाहिलं असावं. एक कान उभा, एक पडलेला. कुणी बोलावलं नाही, तरी तो फरशीवर नखं वाजवत कॉटपाशी आला. रमाकांतांचा हात कॉटवरून खाली लोंबत होता, मिठाच्या पाण्यानं भिजलेला. सबनीसनं मान पुढं केली, नाक त्या तळहाताला लावलं आणि जीभ बाहेर काढली.

रमाकांतांनी झटकन हात वर ओढून छातीशी धरला.

"मीठ आहे हाताला," ते कळवळून म्हणाले. "लतिका, मीठ आहे गं. तो आलाय आणि हाताला मीठ आहे. आता परत जाईल तो."

"एवढ्याशानं काही होत नाही त्याला."

"नाही. मुळीच नाही. धुवून दे आधी."

लतिकाबाईंनी तांब्या आणला, खाली पातेलं धरलं आणि कॉटवर निजलेल्या नवऱ्याच्या हातावर पाणी ओतलं. एकदा झालं तरी ते म्हणाले, अजून. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत. मग पंच्यानं कोरडा केला आणि परत एकदा धुतला. हे सगळं होईपर्यंत सबनीस हलला नाही. बसून राहिला आणि त्या हाताकडे बघत राहिला, पूर्वी साडेपाचला बघायचा तसा.

रमाकांतांनी हात खाली सोडला. रिकामा, ओला, तळवा वर. त्यात दाणा नव्हता, पोळी नव्हती, मिठाचा कण नव्हता. नळाच्या पाण्याशिवाय त्याला कशाचीच चव नव्हती. सबनीसनं तो आधी हुंगला. मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश चाटून काढला, आणि चाटून झाल्यावर परत पहिल्यापासून सुरुवात केली.

रमाकांतांना गुदगुल्या होत होत्या, पण हसू येत नव्हतं. लतिकाबाई पातेलं घेऊन उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"आता घालू ना आमटीत मीठ?" त्यांनी विचारलं.

रमाकांतांनी मोकळ्या हातानंच हो म्हणून खूण केली.